लाल दोऱ्याची पुरचुंडी

"हात नको लावूस त्याला," आत्या म्हणाल्या आणि माझ्या मांडीवरचं सूप त्यांनी उचलून सरळ बाल्कनीत नेऊन ठेवलं.

सुपात तांदूळ होता. तांदळात एक कापडी पुरचुंडी होती, पोत्यातून आत्ताच बाहेर आलेली, बोटाच्या पेराएवढी. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, त्यावर लाल दोऱ्याचे तीन वेढे. दोरा सोडून मी ती उघडली होती. आत राखाडी भुकटी. वास लसणीसारखा, पण लसूण नव्हे.

"काय आहे ते?"

"गोळी. किडे मारायला धान्यात घालतात. माझ्या माहेरी एकदा धान्याच्या खोलीत दोन मांजरं झोपली होती. सकाळी उठलीच नाहीत." आत्या साबणाने हात धूत होत्या, कोपरापर्यंत. सासूबाई आमच्या, पण कोल्हापूरच्या रीतीने मी त्यांना आत्याच म्हणते. हात पुसत त्या म्हणाल्या, "हेच का ते तुमचं विषमुक्त?"

माझं लक्ष इरूच्या मुठीकडे गेलं होतं.

इरू तेव्हा सहा महिन्यांची. चटईवर पालथी पडून ती मघापर्यंत सुपाच्या कडेशी खेळत होती, आणि तिची उजवी मूठ मिटलेली होती. त्या वयात मूठ एकदा मिटली की मुलं ती सोडत नाहीत, एकेक बोट आपण सोडवायचं. करंगळी सोडवली. तिच्या शेजारचं सोडवलं. ओल्या तळव्याला तांदळाचे तीन दाणे चिकटले होते. चौथा होता का? असला तर कुठे गेला? मी तिच्या तोंडात बोट फिरवलं, हिरड्यांवरून, जिभेखालून. तिला वाटलं खेळ आहे. ती माझं बोट चावायला बघत हसत होती.

तोंडात काही नव्हतं. तरी मी पुन्हा एकदा बोट फिरवलं.

चार दिवसांनी, मंगळवारी, तिचं उष्टावण होतं. आयुष्यातला पहिला घास. त्यासाठी मी महिनाभर आधीपासून ठरवलं होतं की तांदूळ सुलाबाईंच्या शेतातला घनसाळच हवा. आजऱ्याकडचा, बुटक्या दाण्याचा, शिजताना जिन्यापर्यंत वास जाणारा. दुकानातला नको, कारण दुकानातल्या तांदळावर काय काय मारलेलं असतं ते कुणी सांगत नाही.

पोत्याबरोबर एक गाठोडंही आलं होतं. दोनेक किलोचं, त्याच लुगड्याच्या कापडात बांधलेलं. त्याच्यावरही तोच लाल दोरा. तो दोरा बघून माझं डोकं फिरलं. खाली घंटागाडी आली होती. पोतं मला उचलण्यासारखं नव्हतं, म्हणून ते राहिलं. पुरचुंडी तेवढी बाजूला काढून, सुपातला तांदूळ आणि ते गाठोडं घेऊन मी तीन जिने उतरले आणि दोन्ही गाडीत टाकलं. गाठोडं उघडून बघितलंसुद्धा नाही. उघडायचं काय होतं त्यात?

वर आले तर इरू आत्यांच्या मांडीवर झोपलेली. आत्या म्हणाल्या, "मंगळवारी आपला साधा तांदूळ घालू. तुझा नवरा आणि मी त्याच्यावरच वाढलोय."

हे बोलणं मला पोत्यातल्या गोळीपेक्षा जास्त झोंबलं.

आमचा 'निर्मळ अन्न गट' तेव्हा चाळीस घरांचा होता. प्रमुख कुमुदताई. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, खादीचा झब्बा, आवाज अजून वर्गातला. आजऱ्याच्या बाजूच्या सहा शेतकरी बायका आम्हाला तांदूळ, नाचणी, कडधान्यं द्यायच्या. सरकारी शिक्का वगैरे काही नव्हता. आमची पद्धत वेगळी होती. गटातल्या बायकांनी वर्षातून दोनदा त्या शेतात जायचं, बांधावरून फिरायचं, मातीत हात घालायचा, आणि 'या शेतात रासायनिक खत वा औषध वापरलेलं नाही' या कागदावर स्वतः सही करायची. खाणाऱ्याने पिकवणाऱ्याची हमी घ्यायची. मला ही कल्पना फार आवडली होती. सुलाबाईंच्या वीस गुंठ्यांच्या कागदावर सही माझी होती. सात महिन्यांची गरोदर होते मी, आणि त्यांनी मला हात धरून बांधावरून नेलं होतं. एक खेकडा दाखवला होता. "औषध मारल्याल्या रानात ह्यो ऱ्हात न्हाई," म्हणाल्या होत्या.

त्या बाईने गोळी घातली होती.

मी कुमुदताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "फोटो पाठव. रविवारी बैठक आहेच, नाव कमी करून टाकू."

"मी आधी जाऊन येते ताई. उद्या."

"कशाला? पुरावा आहे ना हातात."

"मला तिला तोंडावर विचारायचंय."

"बघ बाई. या बायकांना आपण एवढं शिकवलं, शहराशी जोडून दिलं, आणि शेवटी हे." मग त्या म्हणाल्या, "रडली बिडली तर विरघळू नकोस."

"विरघळत नाही," मी म्हणाले. आणि खरंच, त्या वेळी तिला रडताना बघायला मला आवडलं असतं.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघाले. नवरा म्हणाला, पोरीला कशाला नेतेस? पण इरू अंगावर पीत होती, तिला ठेवून जाता येत नव्हतं. शिवाय मला तिला न्यायचंच होतं. हिच्याकडे बघून सांगा म्हणावं, हिच्या तोंडात तुम्ही काय घालणार होता. उत्तूरपर्यंत मी मनात वाक्यं रचत होते. खिडकीतून पावसाचे शिंतोडे येत होते. मी इरूला पदराखाली घेतलं होतं, आणि तिच्या टाळूवरच्या जावळाचा तो कोमट दुधासारखा वास येत होता, आणि तो वास आला की माझा राग आणखी वाढत होता. आजऱ्यात उतरून वडाप धरलं. जीपमध्ये अकरा माणसं. एका म्हातारीने इरूला मांडीवर घेतलं, सात किलोमीटर परत दिलंच नाही.

सुलाबाई सोप्यात बसून वाल सोलत होत्या. पन्नाशीची बाई, कपाळावर मोठं कुंकू, हाताच्या बोटांना चिरा. मला दारात बघून त्या उठल्याच.

"आगं बया. पावसात आलासा? आनि लेकराला घिऊन? आना हिकडं, आना." त्यांनी हात पुढे केले.

मी इरूला दिलं नाही. "बसा तुम्ही," म्हणाले. त्यांनी पाण्याचा तांब्या आणला, तोही मी घेतला नाही. पिशवीतून पुरचुंडी काढली, पुन्हा नीट गाठ मारलेली, आणि त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवली.

"हे काय आहे?"

त्यांनी पुरचुंडी बघितली. मला वाटलं चेहरा पडेल. पण त्यांनी सुस्कारा टाकला, सुटल्यासारखा.

"घावली न्हवं? बरं झालं. मला घोर लागून राह्यलेला, दिसतीया का न्हाई तुमास्नी."

"म्हणजे तुम्हीच घातलीत."

"व्हय. मीच."

"प्रत्येक पोत्यात?"

"एकेक. दुकानदार दोन घाला म्हनला हुता. मी एकच घातली."

असं सरळ. वालाच्या शेंगा किती सोलल्या ते सांगावं तसं. माझ्या सगळ्या रचलेल्या वाक्यांना आता काही कामच उरलं नाही, आणि त्यामुळे मी जास्तच भडकले. माझा आवाज चढला. म्हणाले, "हे विष आहे, माहितीय तुम्हाला? माझ्या पोरीच्या मुठीत दाणे होते त्याचे. चाळीस घरांत पोरंबाळं आहेत. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवून सही करतो. तुम्ही स्वतः खाता का हा तांदूळ?"

"न्हाई," सुलाबाई म्हणाल्या.

मागच्या दारात कुणीतरी हसलं. त्यांचे यजमान, महादेवदादा, डोक्यावरचं इरलं काढून भिंतीला टेकवत होते.

"मी म्हटलं हुतं हिला," ते मला म्हणाले, बायकोकडे न बघता. "ह्या शेरातल्या बायकांचा नाद करू नगंस. न्हाई, म्हनली, तीन वरसं द्या मला, वीस गुंठं माझ्या हातात द्या, कसलं औषध नको का युरिया नको. दिली. पाव्हनं हसत्यात मला. आता ह्ये तिसरं साल. तुमी बाईसाब नाव कमी करून टाका, म्हंजी मी मोकळा. पुढच्या सालाला औषधाचा पंप बाहीर काढतो."

सुलाबाईंची बोटं वालावर थांबली. तेव्हा मला कळलं की रविवारी कुमुदताईंच्या हॉलमध्ये एक नाव खोडलं गेलं की इथल्या वीस गुंठ्यांतला खेकडाही जाणार आहे. कळलं, पण म्हणून राग गेला नाही. उलट वाटलं, एवढं सगळं पणाला लावलेलं असताना ही बाई गोळी घालतेच कशी?

"यावा," त्या म्हणाल्या. "आमी काय खातो ते बघा."

चुलीजवळ पत्र्याचा डबा होता. झाकण काढलं. तांदळावर टोके फिरत होते. काळे, सोंडवाले, दहा-पंधरा तरी. एक डब्याच्या कडेवर चढून बसला. त्यांनी त्याला बोटाने आत ढकललं नाही की मारलं नाही. उचलून खिडकीबाहेर सोडला.

"आमी ह्ये खातो. पाखडायचं, घटकाभर उनात टाकायचं, धुवायचं. माझ्या पोरांनी ह्येच खाल्लंय. तुमास्नी चालत न्हाई."

"कोण म्हणालं चालत नाही?"

सुलाबाई देव्हाऱ्यापाशी गेल्या. फोटोच्या चौकटीमागे खोचलेला घडीचा कागद त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला.

"वाचा."

गटाच्या नावाचा कागद. निळी शाई. 'आपण पाठविलेल्या तांदळात टोके निघाले आहेत. अनेक घरांतून तक्रार आहे. यापुढे एकही किडा दिसल्यास आपला माल कायमचा बंद करण्यात येईल. काय उपाय करायचा तो तुमचा तुम्ही करा.' खाली 'गटातर्फे'. सही नाही.

उजव्या कोपऱ्यात एक गोल डाग होता. तिथे शाई फुटली होती.

तो डाग दुधाचा होता. मला तो पडतानाही आठवत होता.

गटात अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मी लिहायचे. दोन महिन्यांपूर्वीची ती दुपार. कुमुदताई फोनवर मजकूर सांगत होत्या, फोन खांद्यात दाबलेला, मांडीवर चार महिन्यांची इरू, पिता पिता मध्येच मान वळवून रडणारी. 'बंद करण्यात येईल' इथे कुमुदताईंचं सांगून झालं होतं. त्या म्हणाल्या, पुढे काहीतरी लिहून संपव. इरूने तोंड सोडलं, कागदावर थेंब पडला, ती किंचाळली, आणि मला ती चिठ्ठी कशीही करून संपवायची होती. शेवटची ओळ मी माझ्या मनाने लिहिली. त्यात एकदासुद्धा विचार आला नाही की ही ओळ वाचून कुणीतरी खरंच काहीतरी करणार आहे.

"मला कुठं वाचाय येतंय," सुलाबाई सांगत होत्या. "ह्ये बी अंगठाच. आजऱ्याला गेलो तर औषधाच्या दुकानदाराकडनं वाचून घेतली. त्यो म्हनला, शेरातली उपाय करा म्हनत्यात, म्हंजी गोळी घाला म्हनत्यात. मी म्हटलं, आवो, त्यांस्नी औषध चालत न्हाई. त्यो म्हनला, किडा बी चालत न्हाई असं लिवलंय, मग दुसरं काय करनार? म्हटलं इचारावं. तुमास्नी फोन केला की ताई. तीनदा केला."

केला होता. फोनवर त्यांचं नाव दिसलं होतं. इरू झोपावी म्हणून मी आवाज बंद ठेवला होता, आणि नाव बघून मनात म्हणाले होते, आता ही गयावया करणार. मग विसरून गेले.

"मग मी म्हटलं," त्या म्हणाल्या, "शिकल्याली मानसं हायत. कागदावर लिवल्यालं हाय शेतात नको. शेतात मी कवा घातलं न्हाई, देवाशपथ. पोत्यात चालत असंल त्यांस्नी. लाल दोरा बांधला, उठून दिसावा म्हनून. लपवायचं असतं तर साधा बांधला असता की वं."

महादेवदादा आता हसत नव्हते.

"आनि मी तर पैल्यांदाच सांगितलं हुतं," सुलाबाईंचा आवाज आत्ता कुठे तापला. "भात न्या म्हटलं. टरफलासकट. टरफलात असतंय तवर त्येला कोन खात न्हाई, चार चार म्हैनं निवांत झोपतंय. लागंल तसं गिरणीत न्यायचं. तर तुमच्या मोठ्या बाई म्हनल्या, न्हाई, आमास्नी तांदूळच पायजे, कोंडा न काढल्याला, आनि समदा एकदम पायजे पावसाच्या आदी, एकाच गाडीत. कोंड्यात जीव असतुया ताई. जिथं जीव हाय तिथं किडा येनारच. दुकानातला पांढरा तांदूळ बघा, त्येला किडासुदिक तोंड लावत न्हाई. तुमास्नी दोनी पायजे. तांदूळ जित्ता पायजे आनि किडा नको."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरले होते, पण त्या रडत नव्हत्या. रागावल्या होत्या. मी ज्या रागाने तिथे आले होते त्यापेक्षा तो राग जुना होता आणि त्याला जास्त अधिकार होता. मी उभी होते, हातात माझंच अक्षर.

इरू रडायला लागली. भूक लागली होती तिला. सुलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, "बाळाच्या उष्टावनाचं गाठुळं मिळालं न्हवं?"

मला आधी कळलंच नाही. "कुठलं?"

"पोत्यासंगं दिल्यालं की. तुमी यादीत लिवलं हुतं न्हवं, बाळाच्या उष्टावनाला दोन किलो जादा. दुकानदारानं वाचून दाखवलं तवा मी म्हटलं, ह्यात गोळीचा हात लागायचा न्हाई. त्ये मी येगळं ठेवलं. कडुनिंबाचा पाला घातलाय नुसता. दोन दीस बसून एकेक दाना निवडला. मोडका एक बी न्हाई त्यात. वळखाय यावं म्हनून त्येला बी लाल दोराच बांधला."

यादीत ती ओळ मीच लिहिली होती आणि विसरून गेले होते. तीन जिने उतरताना ते गाठोडं मी काखेत धरलं होतं. हलकं होतं. पाल्याचा वास आला होता का? आला असेल. मी नाक कुठे दिलं होतं.

"मिळालं," मी म्हणाले.

"मऊ शिजवा. तूप घाला वाईच."

"हो."

मग मी इरूला त्यांच्या हातात दिलं. त्यांच्या बोटांच्या चिरांत तिच्या झबल्याचा धागा अडकला, तो त्यांनी हळूच सोडवला. मी तांब्यातलं पाणी प्यायले. सगळं प्यायले. मग भिंतीकडे तोंड करून इरूला पाजत बसले, आणि पाठीमागे सुलाबाई पुन्हा वाल सोलू लागल्या. निघताना मी म्हटलं, "मला थोडं भात द्याल? टरफलासकटचं." त्यांनी विचारलं नाही कशाला. चार किलोचं बोचकं करून दिलं. महादेवदादांनी ते डोक्यावर घेऊन वडापपर्यंत आणलं. जीप सुटताना म्हणाले, "मग? उद्या खोडताय न्हवं नाव?"

"बघू," मी म्हणाले.

"बघू म्हंजी न्हाईच म्हना की," ते म्हणाले. थट्टा होती की काय होतं, कळलं नाही.

रविवारी कुमुदताईंच्या हॉलमध्ये तीसेक बायका होत्या. गवती चहा, गूळ घातलेला. पुरचुंडीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर आदल्या दिवशीच पोचला होता आणि त्याखाली लोकांनी जे लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही. कुमुदताईंनी विषय काढला. मी उठले आणि सुलाबाईंकडून आणलेली चिठ्ठी वाचून दाखवली.

"ही कुणी लिहिली?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी."

"मजकूर गटाचा होता," कुमुदताई म्हणाल्या. "त्यात चुकीचं काय आहे? किडके तांदूळ का घ्यायचे आपण?"

"शेवटची ओळ माझी आहे. उपाय तुमचा तुम्ही करा. त्यांनी केला. तीनदा फोन केला होता मला, मी उचलला नाही. आणि भात न्या म्हणून त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं की नाही ताई? एक गाडी वाचवायला आपण सगळा तांदूळ पावसाआधी कांडून मागितला."

"मृदुला, हे भावनिक होतंय. नियम मोडलाय. रसायन वापरलंय."

"नियमात शेत आहे. पोतं कुठे आहे? वाचा ना नियम."

"हे शब्दांचे खेळ झाले."

"खेळ कसले? आपणच लिहिलेत. आपल्याला शिकलेल्यांना सुचलं नाही की धान्य शेतातून थेट ताटात येत नाही, मध्ये चार महिने कुठेतरी राहतं. त्यांनी लाल दोरा बांधला म्हणून आपल्याला कळलं तरी. नाहीतर सगळ्यांनी खाल्लं असतं, आणि चव किती छान म्हटलं असतं."

मी ओरडत होते. माझ्या कडेवर इरू होती आणि ती माझ्या हलणाऱ्या ओठांना हात लावत होती, आणि तिचा हात बाजूला करून मी पुन्हा ओरडत होते.

कुमुदताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तान्ह्या बाळाच्या आईने तरी असं बोलू नये. उद्या काही झालं असतं तर?"

"ती चिठ्ठी तान्ह्या बाळाच्या आईनेच लिहिली होती, ताई."

हात वर करून मत घेतलं. सुलाबाईंचं नाव कमी झालं. कुमुदताई वाईट नव्हत्या. त्यांना स्वच्छ गट हवा होता आणि तो त्यांनी ठेवला. आम्ही सात जणी उठलो. जिन्यातच ठरलं की सुलाबाईंचं सगळं भात आम्ही घ्यायचं, टरफलासकट, आणि महिन्याला एकीने आजऱ्याला जाऊन गिरणीवर उभं राहायचं. गटाला नाव काही दिलं नाही, अजून दिलेलं नाही.

मंगळवारचा तांदूळ मी सोमवारी दुपारी कांडला. शेजारच्या माळीकाकूंकडे उखळ होतं, तुळशीच्या कुंडीखाली ठेवलेलं. ते घासून आणलं. दहा मिनिटांत तळहाताला फोड आले. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. विषमुक्तवरून काहीतरी बोलतील म्हणून मी मान वर केली नाही.

"मोडतीयेस दाणा," त्या म्हणाल्या. "मुसळ आपटायचं नसतं, सोडायचं असतं. सरक."

त्या कांडत राहिल्या आणि मी पाखडत राहिले. टरफल बाल्कनीभर उडालं, इरूच्या केसांत बसलं. वाटीभर तांदूळ निघायला तास गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाने भाचीला मांडीवर घेऊन चांदीच्या चमच्याने पहिला घास भरवला. इरूने तो थुंकला. सगळे हसले. दुसरा मात्र तिने जिभेवर फिरवला, भुवया वर केल्या, आणि चमच्याकडे तोंड नेलं.

ह्या गोष्टीला सात वर्षं झाली. आमची सात घरं आता एकोणीस झाली आहेत. महादेवदादांनी पुढच्या वर्षी औषध मारलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, पंप बिघडलाय. सात वर्षं तो पंप बिघडलेलाच आहे, आणि मधल्या काळात आणखी पंधरा गुंठ्यांपुरता बिघडला आहे.

गेल्या महिन्यात गिरणीवर जायची माझी पाळी होती म्हणून इरूला घेऊन गेले. सुलाबाईंनी तिला बांधावर नेलं, खेकडा दाखवला. मग तिच्या केसांवरून हात फिरवत, शेजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिचा पैला घास माझ्या हातचा. दोन दीस बसून एकेक दाना निवडला हुता मी हिच्यासाठी. मोडका एक बी नव्हता."

हे त्या दर वर्षी सांगतात. लग्नात, जत्रेत, गिरणीवर. इरूने माझ्याकडे बघितलं.

"हो ना गं आई?"

"हो," मी म्हणाले.

पूर्ण खोटं नाही ते. शेत त्यांचंच होतं, भातही त्यांचंच. पण जो तांदूळ दोन दिवस बसून निवडला होता, तो एका शुक्रवारी सकाळी घंटागाडीत गेला, न उघडता, लाल दोऱ्यासकट. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बाकीच्या सहा जणींना नाही. आत्यांना माहीत आहे. त्या कधी बोलल्या नाहीत.

मी हे लिहिलंय ते सुलाबाईंना वाचता येणार नाही. इरूला आता येऊ लागलंय.